वार लावणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका आकड्यांचा शत्रू तापीच्या दोन्ही काठांवर झाला नसेल, असं मी खात्रीने सांगतो. खात्रीने म्हणजे, माझ्या पाहण्यात तरी. मी सुरतेजवळ हजिऱ्याला एका कारखान्यात स्टोअरला आहे. बावीस वर्षं बोल्ट, वॉशर आणि हातमोजे मोजून देतो आणि मोजून परत घेतो. घरी परतल्यावर जिन्याच्या पायऱ्याही मोजतो, त्या रोज एकोणीसच भरतात, तरी मोजतो. अशा माणसाच्या नशिबात मामसासरे आले ते हे. त्यांना वय विचारलं तर म्हणत, "म्हातारा आहे." डिंडोलीचं त्यांचं घर स्टेशनपासून किती लांब, तर "चालत गेलं की येतं." किती पोळ्या वाढू, असं माझ्या बायकोने विचारलं की ते दुखावल्यासारखे तिच्याकडे बघत आणि म्हणत, "तू वाढत जा. मी थांबलो की थांब."

पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये त्यांनी उभा जन्म काढला. तिथे रंग तोलून घालायचा असतो, पण मामा तो डोळ्याने घालत आणि शेड बरोबर उतरत असे. ही गोष्ट मला त्यांच्याबरोबर काम केलेल्या दोघांनी वेगवेगळी सांगितली, म्हणून मी ती खरी धरतो. रिटायर झाल्यावर कापड गेलं, डोळा तसाच राहिला. तो त्यांनी माणसांवर वापरायला काढला. आमच्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या ते माझ्या मुलीकडे बघून म्हणत, "हिचा शेड हलका पडलाय. परीक्षा आहे का?" आणि परीक्षा असायची. मला मात्र ते कधी काही म्हणाले नाहीत. एकदा मीच विचारलं, माझा शेड कसा आहे? म्हणाले, "तुम्ही जवाई. तुमचा पक्का रंग."

पण मामांचा खरा उद्योग सुरतेत नव्हता, गावात होता. गाव शिंदखेडा तालुक्यातलं. उधन्याहून गाडीने दोंडाईचा, तिथून काळीपिवळी. त्या गावातली निम्मी घरं सुरतेला आली. काही डिंडोलीत, काही पांडेसऱ्यात, काही थेट हजिऱ्यापर्यंत. मामांचं म्हणणं असं, की गावात एखाद्या लेकराचे आईबाप गेले तर पूर्वी चुलता असायचा, मावशी असायची, निदान भिंतीपलीकडे खोकणारा कोणीतरी असायचा. आता भिंतीपलीकडे कुलूप असतं आणि कुलपाची किल्ली सुरतेत असते. म्हणून त्या लेकराचं बघायचं काम सुरतेवाल्यांचं. हे ते भाषणासारखं बोलत नसत. "किल्ली आपल्याकडं आहे ना?" एवढंच विचारत आणि समोरचा खाली मान घालत असे.

त्यांनी शोधलेली तऱ्हा मोठी जुनी होती. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, हे आपण वाचलेलं असतं. मामांनी वाचलेलं नव्हतं. त्यांना ते स्वतःलाच सुचलं, असा त्यांचा समज होता आणि तो कोणी मोडला नाही. गावातल्या प्रत्येक पोरक्या लेकराला त्यांनी सात घरं लावून दिली. ज्या घराचा वार, त्या घरी त्या दिवशी जेवायचं, अभ्यास करायचा, झोपायचं आणि त्या घरच्या पोरांबरोबर शिव्याही खायच्या. अनाथ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. एका पाहुण्याने तो उच्चारला तेव्हा मामा म्हणाले, "गावाला वेस आहे, वेशीत मारुती आहे, घराघरात चूल आहे. मग लेकरू अनाथ कसं? गाव अनाथ असेल." पाहुणा गावातलाच होता.

वारासाठी घरं मिळवायची तर माणसं गाठायला हवीत आणि माणसं एके ठिकाणी सापडतात ती लग्नात. सुरतेतलं खानदेशी लग्न मामांनी बहुधा चुकवलं नसेल; पण ते जेवायला जात नसत, वार मागायला जात. हळद लागलेल्या नवरदेवाच्या बापाला मांडवात एका बाजूला घेऊन ते म्हणत, "गावच्या घरी सून येतेय. एक ताट वाढलं. दोन वाढली तर?" बाप बिचारा त्या दिवशी कशालाच नाही म्हणण्याच्या स्थितीत नसतो. पुढे पुढे असं झालं, की मामा मंडपात शिरले की शहाणी माणसं मोबाईल कानाला लावून जनरेटर बघायला जात. एका लग्नात मी स्वतः जनरेटरजवळ नऊ माणसं मोजली. मामा तिथेही गेले आणि दोन वार घेऊन परतले.

वार दिला म्हणजे सुटलात असं नव्हतं. मामा महिन्यातून दोनदा गावी जात आणि कोणतीही चौकशी न करता लेकराला एकच विचारत, "काल काय भाजी व्हती?" मग त्या घराच्या शेजारणीला विचारत, यांच्याकडे काल काय भाजी होती? दोन्ही उत्तरं जुळली की पुढच्या घरी. एका घरी ती जुळली नाहीत. घरच्यांना शेवया आणि लेकराला सकाळची भाकर, असा प्रकार निघाला. मामा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते त्या घरी लेकराशेजारी पाटावर जाऊन बसले आणि म्हणाले, "मला सकाळची भाकर वाढा. मला तीच आवडते." तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी त्या घरची बाई दारातच हात जोडून उभी राहिली. "मामा, आता सुरतले जा बरं तुम्ही! आख्खं गाव मना दारात हसायला उभं राहतंय." मामा म्हणाले, "मग आज काय भाजी शे?" ती म्हणाली, "तुम्हाले काय पाहिजे ते सांगा, पण उठा." त्या घरात पुढे त्या लेकराला तुपाची धार इतरांपेक्षा जास्त पडू लागली. तेही मामांना पसंत नव्हतं. पण त्याविरुद्ध पाटावर कसं बसायचं, हे त्यांना सुचेना.

त्यांच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. शेडच्या बाबतीत बरोबर असणारा त्यांचा डोळा मापाच्या बाबतीत साफ आंधळा होता. बाजारातून कटपीस गोळा करून ते डिंडोलीतल्या एका गुजराती टेलरकडून फ्रॉक शिवून घेत. टेलरला माप विचारायची सोय नसे. मामा त्याच्याशी अहिराणीत बोलत, तो गुजरातीत उत्तर देई; दोन्ही भाषा चुलत बहिणी असल्यामुळे भांडण नीट चालायचं. "भाई, पोर वाढी ऱ्हायनी, मोठा करजो," एवढ्या मापावर शिवलेला एक फ्रॉक तीन मुलींच्या अंगावरून गेला आणि चौथीला बसला. ती चौथी मुलगी नव्हतीच. ती वाराच्या एका घरची सून होती.

एकदा मी न राहवून विचारलं, "मामा, तुम्ही स्वतः लहानपणी पोरके होता का?" मला वाटलं होतं, काहीतरी हळवं ऐकायला मिळेल. ते म्हणाले, "नाही हो! मला तर माझ्या आईने केस पिकेपर्यंत मारलं."

मला त्यांनी या उद्योगात ओढलं ते माझ्या अक्षरासाठी. घरांची नावं लिहून द्यायला कोणीतरी हवं होतं. पहिल्यांदा गावी गेलो तेव्हा सवयीने विचारलं, "एकूण मुलं किती?" मामांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "लेकरं मोजू नही, जवाई. नजर लागस." मी म्हणालो, मोजल्याशिवाय यादी कशी होईल? ते म्हणाले, नावं लिहा, आकडा घालू नका. मी नावांपुढे आकडे घातले नाहीत. पण यादी झाल्यावर मनात मोजली आणि परतीच्या गाडीत सहज बोलून गेलो, की अकरा झाली. मामा नंदुरबार येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

त्या अकरांत काजल होती. तेव्हा ती आठ वर्षांची होती. बाप आधी गेला, मग आई, आणि त्या वर्षी उन्हाळ्यात आजीही गेली. आजीने जाण्यापूर्वी मामांचा हात धरून एकच मागणं मागितलं होतं, की हिला गावाबाहेर धाडू नको. मामांनी हो म्हटलं. काजलचा एक चुलता पांडेसऱ्याला लूमवर कामाला होता. एका खोलीत स्वतःची तीन मुलं, बायको आणि सासू. तिला सुरतेला आणणं त्याला शक्य नव्हतं आणि तो ते लपवतही नव्हता. त्याने तिच्यासाठी जिल्ह्याच्या गावी मुलींचं एक वसतिगृह पाहून ठेवलं होतं. मामांच्या शब्दाखातर तो थांबला, पण त्याने स्पष्ट सांगितलं, "मामा, तुमच्या भरवशावर ठेवतो. एकदा जरी पोरीचे हाल झाले असं कानावर आलं, तर मी तिला घेऊन जाईन. मग मला आजीची शपथ घालू नका." मामा म्हणाले, कबूल. तो माणूस वाईट नव्हता, हे मी इथेच लिहून ठेवतो.

काजलला सात घरं मिळाली आणि तिने ती फार लवकर आपलीशी केली. सोमवारची आई, मंगळवारची आई अशी ती बोलायची. शनिवारी एक एकटी म्हातारी होती, ती शनिवारची आजी. कोणाच्या भाजीत मीठ जास्त, कोणाचा कुत्रा कोणत्या बाजूने चावतो, कोणाच्या घरी टीव्हीचा आवाज चालतो आणि कोणाच्या घरी हसण्याचाही चालत नाही, हे सगळं तिला पाठ होतं. मंगळवारच्या घरी ती गरज नसताना हळू बोले आणि गुरुवारच्या घरी गरज नसताना मोठ्याने. मला ते पाहून कौतुक वाटलं. मामांना वाटलं नाही. ते म्हणाले, "लेकराने एवढं शहाणं असू नये."

त्या दिवाळीनंतर दोनेक महिन्यांनी मी गावी गेलो तेव्हा एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपली. काजलची वही मंगळवारच्या घरी राहिली होती आणि बुधवारी शाळेत तिने त्यासाठी छड्या खाल्ल्या होत्या. मी हिशेब केला. रोज घर बदलायचं म्हणजे वर्षातून तीनशे पासष्ट वेळा त्या पोरीने दप्तर आणि कपड्यांची पिशवी उचलायची. त्याऐवजी एकेका घरी सलग राहिली तर? मी कागद घेतला. सात सात दिवस ठेवले तर घर बदलायचा वार कायम एकच येणार; म्हणजे गावचा बाजार आणि घरबदल एकाच दिवशी पडला तर ती गडबड जन्मभर तशीच राहणार. आठ आठ दिवस ठेवले तर वार पुढे सरकत राहील आणि कोणावरच अन्याय होणार नाही. वर्षाला शेहेचाळीस वेळाच पिशवी उचलावी लागेल. मला स्वतःचं फार समाधान वाटलं.

मामांना पटलं नाही. ते म्हणाले, "वार कोणी विसरत नाही, जवाई. सोमवार आला की माणसाला आपोआप कळतं. दिवस मोजायला लावले की माणसं चुकतात." मी म्हणालो, "मामा, ती आंडेर शे, पारसल नही. रोज कशाला उचलायची?" लेकीला आंडेर म्हणत त्यांच्याच भाषेत बोललो, म्हणून ते हसले. आणि मी जावई. जावयाला सासुरवाडीच्या गावात कोणी नाही म्हणत नाही, मामा तर नाहीच नाही. मी सात घरांसाठी सात कागद लिहिले. सुवाच्य अक्षरात. क्रम सोमवारच्या घरापासून सुरू, आणि खाली एक ओळ: प्रत्येक घरी आठ दिवस.

आता जो कोणी मराठी माणूस हे वाचतो आहे, त्याला पुढे काय झालं असेल ते कदाचित आत्ताच कळलं असेल. मला तेव्हा कळलं नाही. आपण "आठ दिवसांनी येतो" म्हणतो तेव्हा सोमवारचा माणूस सोमवारीच येतो. आपल्या आठवड्याच्या नावात आठ आहेत आणि पोटात सात. सगळ्या मुलखाला हे ठाऊक आहे. मी मात्र बावीस वर्षं वॉशर मोजलेला माणूस; मी आठ लिहिले ते आठच.

सोमवारच्या आईने कागद वाचला आणि सगळे वाचतात तसा वाचला. सोमवारी पोर आली, पुढच्या सोमवारी आठ दिवस झाले. त्या सकाळी तिने काजलला न्हाऊ घातलं, वेणी घातली, पिशवी भरून दिली आणि शाळेत जाताना सांगितलं, आता शाळेतून मंगळवारच्या आईकडे जा. मंगळवारच्या घरचा कर्ता मात्र मी समजावून सांगत होतो तेव्हा समोर बसला होता. त्याने बोटं मोजून मला विचारलंही होतं, "म्हणजे आमच्याकडे मंगळवारी येणार, बरोबर?" मी म्हणालो, बरोबर. माझं म्हणणं अचूक समजून घेणारा गावात एकच माणूस निघाला आणि तोच पुरला. पोर उद्या येणार म्हणून सोमवारी घराला कुलूप लावून तो बायकोमुलांसह दोंडाईच्याला बारशाला गेला.

काजल शाळेतून आली तर दाराला कुलूप. ती ओट्यावर बसली. अंधार पडायला लागल्यावर उठली आणि शाळेत जाऊन व्हरांड्यात निजली. पौषातली थंडी होती. सकाळी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला ती सापडली, पिशवीतले सगळे कपडे एकावर एक घातलेली, तापाने लाल झालेली. मंगळवारच्या घरापासून चार घरं सोडून सोमवारची आई होती. तिकडे का गेली नाहीस, असं सगळ्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "त्यांचे दिवस संपले होते."

चुलत्याला फोन गेला तो गावातूनच. मामा आणि मी दुपारच्या गाडीने निघालो. गाडीत मामांनी खिडकीतून बाहेर बघण्याखेरीज काही केलं नाही. मी खिशातला कागद काढून पुन्हा पुन्हा वाचत होतो, जणू त्यातली ओळ बदललेली सापडेल.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर माणसं जमली होती. सोमवारची आई रडत होती. मंगळवारचा कर्ता कागद हातात धरून प्रत्येकाला दाखवत होता, "यात आठ लिहिलंय का नाही? तुम्हीच सांगा. आठ का सात?" कोणीतरी म्हणालं, "अरे येड्या, आठ म्हणजे सातच ना!" त्यावर तो म्हणाला, "मग लिहिणाऱ्याने सात का लिहिलं नाही?" चुलता भिंतीला टेकून उभा होता. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "हे लिहिलं कोणी?"

मी उठायला हवं होतं. मी सरळ बोलणारा माणूस आहे, असं माझ्याबद्दल लोक म्हणतात. मीही म्हणत आलो. पण ते बायकोचं माहेरगाव, समोर सासुरवाडीची सगळी माणसं. मी घसा साफ केला. तेवढ्यात मामा उभे राहिले.

"चूक मनी शे," ते म्हणाले. "जवाईंनी मला विचारून लिहिलं. मी सांगितलं आठ. माले मोजता येत नही, हाई आख्खा गावले मालूम शे."

हसू आलं असतं, असं ते वाक्य होतं. कोणी हसलं नाही. ज्या गोष्टीवरून गाव त्यांना आयुष्यभर चिडवत आलं, तीच गोष्ट त्यांनी माझ्या अंगावर पांघरूण म्हणून टाकली. मी खोटं बोललो नाही. गप्प बसलो.

चुलता मामांना म्हणाला, "मामा, तुमचं वय झालं. तुम्हाला मी काय बोलू? पण पोर व्हरांड्यात निजली. मी आता तिला नेतो." मामा म्हणाले, "ने." आजीला दिलेल्या शब्दाचा त्यांनी उल्लेखही केला नाही. ताप उतरल्यावर काजल वसतिगृहात गेली. जाताना सातही घरांनी तिला काही ना काही दिलं आणि ती प्रत्येकीला म्हणाली, "तुमचंच सगळ्यात चांगलंय." हे तिने सात वेळा म्हटलं. मी बघत होतो.

बाकीच्या लेकरांचे वार गावात आजही चालू आहेत, सोमवार ते रविवार, मामांच्या पद्धतीने. मी त्यानंतर काहीही सुचवलं नाही.

पुढच्या दिवाळीत वसतिगृहाला सुट्टी लागली. चुलत्याची मिल दोन दिवसांनी बंद होणार होती. तोवर काजलला मी घेऊन येतो, असं मामांनी त्याला सांगितलं आणि आम्ही दोघे गेलो. फाटकाशी पोहोचलो तर तिथे सोमवारची आई उभी. पदराखाली डबा. तिच्या मागे गुरुवारचे नवरा-बायको. झाडाखाली शनिवारची आजी दगडावर बसलेली. आणि सगळ्यांपासून थोडा दूर मंगळवारचा कर्ता. एकमेकांना न सांगता सातही घरं आली होती आणि एकमेकांना बघून ओशाळली होती.

वसतिगृहाच्या मॅडम फॉर्म घेऊन बाहेर आल्या. नियमाप्रमाणे त्यांनी विचारलं, "मुलीशी नातं काय?"

सोमवारची आई म्हणाली, "आमना सोमवार शे."

"नातं विचारतेय मी."

"तेच सांगतेय ना, बाई. सोमवार."

मॅडमनी मागे बघितलं. "आणि तुम्ही?"

"मी मंगळवार," कर्ता खाली बघत म्हणाला.

"मी शनिवार," आजी दगडावरून ओरडली, "आणि माले ऐकू कमी येस, जोरात बोला."

मॅडम भल्या होत्या. त्यांनी चुलत्याला फोन लावला. तो म्हणाला, ही सगळी माणसं आपलीच आहेत, कोणाबरोबरही पाठवा. पण फॉर्मवर एकच नाव लिहिता येत होतं. मग त्यांनी काजलला बाहेर बोलावलं आणि सरळ विचारलं, "बाळा, यांच्यापैकी कोणाबरोबर जायचंय तुला?"

त्यांनी हे विचारायला नको होतं. पण दुसरं काय विचारणार? काजल एकेकाकडे बघत गेली. सोमवारच्या आईने डबा पदराखालून थोडा बाहेर काढला. मंगळवारच्या कर्त्याने मान खाली घातली. मामा माझ्या पाठीमागे जाऊन उभे राहिले, तिला दिसू नये म्हणून. काजलने सगळ्यांकडे बघून घेतलं आणि मॅडमना म्हणाली, "मी इथेच थांबते. काका येतील परवा."

मग त्या बायकांनी फाटकाच्या आतल्या ओट्यावर सात डबे उघडले. ती सगळ्यांतलं थोडं थोडं जेवली. मामा फाटकाबाहेर उभे राहिले. मी त्यांना आत चला म्हणालो. ते म्हणाले, "तुम्ही जा. मी बघतोय ना इथून." परतीच्या गाडीत मी त्यांना म्हणालो, "मामा, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं." त्यांनी खिडकीची काच वर सरकवली. मग म्हणाले, "तिच्या डाव्या पायाची चप्पल तुटलीय. पुढच्या वेळी घेऊन जाऊ." माप त्यांनी हाताने दाखवलं. ते माझ्या पायाएवढं होतं.

यंदा होळीनंतर मामा गेले. डिंडोलीतल्या घरी, चार दिवस पडून. मोठं दुखणं नव्हतं. त्यांच्या दहाव्याला गावाहून पुष्कळ माणसं आली. मला ती मोजता आली असती. मी मोजली नाहीत.

नंतरच्या रविवारी काजलला सांगायला मी एकटा गेलो. ती आता तेरा वर्षांची आहे, माझ्या खांद्याला लागते. बातमी तिला कळलेली होती. आम्ही फाटकाच्या आतल्या ओट्यावर बसलो. ती रडून मोकळी झाल्यावर मी तिला ते सांगितलं, जे मला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सांगता आलं नव्हतं. की आठ मी लिहिले होते, मामांनी नाही. मामा वारच ठेवा म्हणत होते.

ती म्हणाली, "मला माहिती होतं, काका. अक्षर तुमचं होतं."

तिलाच माझी दया आली असावी. ती म्हणाली, "मी त्या रात्री घाबरले नव्हते, खरंच. सोमवारच्या आईचे दिवस संपले होते, मंगळवारच्या आईचे सुरू व्हायचे होते. मला वाटलं, आज कोणाचाच वार नाही. म्हणजे आज माझा असेल."

मी म्हणालो, या सुट्टीत सुरतेला आमच्या घरी चल. तुझी काकू वाट बघतेय, ताईपण आहे. तुझ्या पांडेसऱ्याच्या काकाला मी विचारतो.

ती ओढणीने डोळे पुसत उठली. जेवणाची घंटा झाली होती.

"चालेल," ती म्हणाली, "पण घरी विचारून सांगते."

कोणत्या घरी, ते मी विचारलं नाही.